वडूजच्या कपाटातल्या नऊ पिशव्या

अक्का, काल तुमचं तेरावं झालं. पंगती उठल्या, भांडी आवरली आणि आम्ही कुंडलला परत निघालो तेव्हा तुमच्या सुनेनं, रूपालीनं, माझ्या हातात एक कापडी झोळा दिला. "मामी, ह्या तुमच्याच हायत," म्हणाली. मला वाटलं तुमचं एखादं पातळ असेल, आठवण म्हणून देतात तसं. झोळ्याचं तोंड उघडून बघते तर आत माझ्या हातच्या शेकायच्या पिशव्या. एक नाही, दोन नाही, नऊ.

मी म्हटलं, "अगं, ह्या तर जळल्या हुत्या ना? दोन फाटल्या हुत्या, एकीला उंदीर लागला हुता म्हणं."

रूपाली माझ्याकडं बघतच राहिली. "जळायच्या कशानं मामी? आमच्यात मायक्रोवेव्ह कुठाय?"

एस.टी.त बसल्यावर झोळा मांडीवर घेतला आणि एकेक पिशवी बाहेर काढून बघितली. एकीलाही डाग नाही. शिवण जशीच्या तशी. घड्या घालून ठेवल्यात, डांबराच्या गोळीचा वास येतोय. तुमचा भाऊ शेजारीच होता. तो म्हणाला, "अक्कानं नीट ठेवलं की." मी त्याला म्हटलं, तुम्ही गप बसा. बिचाऱ्याची थोरली बहीण गेलेली आणि मी त्याच्यावर खेकसले. पण माझं डोकंच चालेना झालं होतं. अजूनही चालत नाही. तीन वर्षं तुम्ही माझ्याशी खोटं बोललात अक्का, आणि कशासाठी बोललात ते विचारायला आता माणूस नाही. म्हणून हे लिहीत बसलेय. भांडायला तर भांडायला.

तुमच्यासारखी नणंद देव कुणाला न देवो, असं मी लग्नानंतर पहिली पाच वर्षं रोज म्हणत होते. भाकरी थापली की, "मालन, कड जाड राहिली." ब्लाऊज शिवला की, "बाही जरा वर चढलीय." कुंडलचं पाणी पिऊन वाढलेली बाई, दिली वडूजच्या माळावर, पावसाकडं डोळे लावून बसायच्या गावाला. "मी बी पाण्यातलीच गं, पर वडूजनं वाळवली," असं तुम्ही म्हणायचात आणि स्वतःच हसायचात. तुम्ही माहेरी आलात की माझ्या घराचा ताबा घ्यायचा. आणि जायला निघालात की मला दोन दिवस घर खायला उठायचं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हीही मला कधी चांगलं म्हटलं नाहीत, त्यामुळं फिटंफाट.

मायक्रोवेव्ह आमच्यात कसा आला ते तुम्हाला माहीत आहे. पुण्याच्या पोरानं नवा मोठा घेतला आणि जुना आम्हाला आणून टाकला. आम्ही दोघं माणसं, आम्ही त्यात काय शिजवणार? चार महिने क्रोशाचं झाकण घालून नुसता ठेवला होता. एकदा तुमच्या भावाचा चहा गरम करून दिला तर म्हणाला, चहा गरम हाय पर चहा न्हाई. त्या दिवाळीत माझ्या सूनबाईंनी मानेला लावायला एक विकतची पिशवी आणली होती. मायक्रोवेव्हच्या पेटीत दीड मिनिट ठेवायची आणि मानेवर घ्यायची. मला राहवतंय होय? मी शिवणकाम करणारी बाई. ती आंघोळीला गेली तशी ब्लेडनं एक टाका उसवून आत बघितलं. आत नुसते गहू. मी उसवलेला टाका परत घातला आणि तुम्हाला म्हटलं, अक्का, गहू विकत घेऊन मानेला बांधतात बघा ही माणसं. आणि तुम्ही, भाऊबीजेला आलेल्या, भिंतीला पाठ टेकून गुडघे चोळत बसलेल्या, म्हणालात, "मग तू कर की. तुज्याकडं काय कमी हाय?"

ते चार दिवस काय धिंगाणा घातला आपण. पहिली पिशवी केली ती लाल ब्लाऊजपीसची. काठाला जर होती. एवढी वर्षं कापडात घालवली पण जर म्हणजे शेवटी तार, हे डोक्यात आलंच नाही. पेटीत ठेवली आणि आत निळ्या ठिणग्या उडायला लागल्या. तुमचा भाऊ मेन स्विचकडं पळाला. तुम्ही मात्र जागच्या हलला नाहीत. "मालन, दिवाळी झाली, आता कशाला फटाके," म्हणालात. मग कापड नुसतं सुती, बिनजरीचं, हे ठरलं. आत काय भरायचं त्याच्यावर दोन दिवस वाद. मी तांदूळ म्हटलं, तुम्ही नाक मुरडलं. तांदूळ भरून बघितलं तर खोलीभर भाताचा वास. कुणीतरी सांगितलं हुलगे उष्ण असतात, म्हणून हुलगे भरले. त्या रात्री तुमचा भाऊ कमरेला पिशवी लावून झोपला आणि सकाळी म्हणाला, माडग्याच्या पातेल्यात झोपल्यासारखं वाटलं. शेवटी तुमचंच खरं झालं, ज्वारी. तुमच्या रानातला शाळू, तुम्हीच पायलीभर बांधून आणलेला. मी हौसेनं पाच मिनिटं लावली तर आत तडतड आवाज. उसवून बघितलं तर निम्म्या लाह्या. तुम्ही त्या लाह्या ताटलीत काढून मीठ-तिखट लावून खाल्ल्यात आणि मलाही खायला लावल्यात.

मग बसलं गणित. एक वीत रुंद, दीड वीत लांब. मधे दोन आडव्या शिवणी मारून तीन खण, म्हणजे दाणे एका टोकाला गोळा होत नाहीत. ठासून भरायची नाही, गुडघ्यावर टाकली तर लोळली पाहिजे. चिमूटभर ओवा. दीड मिनिट, फार तर दोन, आणि शेजारी कपात थोडं पाणी ठेवायचं म्हणजे दाणे करपत नाहीत. आधी हाताच्या उलट्या बाजूला लावून बघायची, मग गुडघ्याला. तुमच्या गुडघ्यावर पहिली पिशवी ठेवली तेव्हा तुम्ही डोळे मिटलेत आणि डोकं मागं भिंतीला टेकलंत. माझ्या हातचं काही तुम्ही खोड न काढता घेतलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

एवढं सुख लागायचं तुम्हाला त्या उबेचं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. मग वडूजला तीन वर्षं तुम्ही गुडघे तसेच दुखत ठेवलेत? मला याचा राग येतोय अक्का. रडू यायच्या आधी राग येतोय.

आता कापडाचं सांगते, कारण सगळा घोळ कापडापासून आहे. बिनजरीचं सुती कापड माझ्याकडं कुठून आलं? माझ्या पत्र्याच्या ट्रंकेतून. ओटीत आलेले ब्लाऊजपीस. आपल्याकडं ते फिरतच असतात, हिनं तिच्या ओटीत घातला, तिनं पुढच्या ओटीत. एक निळा पीस तर मी खडूनं खूण करून सोडला होता, सात महिन्यांनी तो माझ्याच ओटीत परत आला. असे पन्नास-साठ साठले होते. म्हटलं, यांचं तरी सोनं होईल. बाहेर ओटीचं कापड आणि आत धान्य. बनवताना माझ्या मनात यापलीकडं काही नव्हतं. देवाशपथ नव्हतं.

तुमची ओटी मी पंचवीस वर्षं भरली. तुम्ही जायला निघालात की चपला घालायच्या आधी उंबऱ्याच्या आत उभ्या राहायचा, तोंड पूर्वेला, दोन्ही हातांनी पदर पुढं धरून. मी हळद-कुंकू लावायची, नारळ, खण, गहू, सुपारी. तेवढ्यातही तुमचं सुरूच, नारळाची शेंडी माज्याकडं कर, गहू सांडू नको. लेक सासरी निघाली की भावजयीनं ओटी भरायची, यात विचार करण्यासारखं काही नसतं. हात आपोआप चालतात. नंतर दाजी गेले. त्यानंतर तुम्ही पहिल्यांदा माहेरी आलात आणि जायला निघालात तेव्हा तुम्ही सवयीनं उंबऱ्याच्या आत थांबलात. मी आत गेले. दूध उतू जातंय का बघते म्हणाले. गॅसवर दूधच नव्हतं. बाहेर आले तेव्हा तुम्ही चपला घालून अंगणात उभ्या होता आणि भाऊ गाडी काढत होता. नऊ वर्षं असंच चाललं. तुम्ही निघालात की मला आत काहीतरी काम निघायचं. आपण दोघी एवढ्या तोंडाळ, पण यावर अवाक्षर नाही.

आणि मी काय जुन्या वळणाची बाई आहे का? उलट. बचत गटाच्या हळदी-कुंकवाला मीच पुढं होऊन म्हटलं होतं की सगळ्या बायकांना बोलवायचं, नवरा असो नसो. पाच मिनिटं भाषण ठोकलं. स्टेजवर नवरा नसलेल्या दोघींची ओटी भरली, फोटो काढले, टाळ्या झाल्या. तो फोटो मी तुम्हाला पाठवला होता. तुमचा फोन आला. "बरं केलंस मालन," म्हणालात. एवढंच. तुमच्या तोंडून आलेलं तेवढं एकच बरं, म्हणून माझ्या लक्षात आहे.

त्याच वर्षी पावसाळ्यात तुमच्या भावाला हृदयाचा त्रास झाला. सांगलीला नेलं, स्टेंट घातला. आठ दिवस मी दवाखान्याच्या बाकड्यावर होते. तिथं मी काय काय नवस बोलले ते कुणाला सांगण्यासारखं नाही. माणूस भ्यायला की त्याचं भाषण कुठं जातं कुणास ठाऊक.

आणि मग ती दिवाळी, पिशव्या केल्या तीच. भाऊबीज झाली, चार दिवस झाले, तुम्ही निघालात. तुमच्यासाठी एक पिशवी खास केली होती, हिरव्या पीसची. हिरवा का घेतला? सुती होता, वर होता, हाताला आला. असं मी स्वतःला सांगते. मी ती घेऊन बाहेर आले तर तुम्ही उंबऱ्याच्या आत थांबलेल्या, तोंड पूर्वेला. माझ्या हातात हिरवं कापड, आत धान्य. तुम्ही ते बघितलंत. आणि दोन्ही हातांनी पदर पुढं धरलात.

मी हात मागं घेतला.

अक्का, हे मी कुणालाही बोललेले नाही. तुमचा भाऊ बाहेर गाडी पुसत होता, त्याची पाठ आपल्याकडं होती, मला त्याची पाठ दिसली आणि माझा हात मागं आला. त्याला काही झालं तर, एवढंच डोक्यात आलं. ज्या बाईनं त्याला कडेवर घेऊन वाढवला तिच्या पदरात अर्धा किलो ज्वारी टाकल्यानं त्याला काय होणार होतं? पण आलं डोक्यात. वर मी तुम्हाला काहीतरी बोललेही. काय बोलले ते सांगते, पण आत्ता नाही. आधी बाकीचं होऊ दे.

तुम्ही वडूजला पोचलात आणि दोन दिवसांनी तुमचा फोन. रूपीच्या भावानं मायक्रोवेव्ह दिलाय, आता बरं झालं, पिशवी रोज लावते. मला केवढं हलकं वाटलं. म्हटलं, मनात काही ठेवलेलं नाही बाईनं. मग यात्रेला आलात तेव्हा निघताना म्हणालात, "ती पिशवी जळली गं. दुसरी दे."

"किती मिनटं लावता?"

"पाच."

"पाच? आवं अक्का, आपण लाह्या खाल्ल्या तरी कळंना का तुमास्नी? दीड मिनट सांगितलं हुतं."

"माज्या पेटीला जोर कमी हाय. दे दुसरी."

दिली. त्यानंतर प्रत्येक खेपेला काहीतरी निघायचंच. ज्वारीला किडे झाले. उंदरानं कुरतडली. शेजारणीनं नेली ती परत दिलीच नाही. आणि मागायचात कुठं? चार दिवस घरात असताना नाही. निघताना, उंबऱ्याच्या आत उभं राहून. मी पहिल्या दोन वेळेला गडबडीनं मशीनवर बसले, नंतर शहाणी झाले, आधीच करून ठेवायला लागले. पण दिली कशी? एकदा तुमच्या हातात. एकदा तुमच्या झोळ्यात. एकदा तर तुमच्या भावाकडं दिली, म्हटलं, डिकीत टाका. वर फोनवर तुम्हाला झापायची, नीट वापरता येत नाही तर नेता कशाला, कापड काय झाडाला लागतंय का म्हणून. तुम्ही ऐकून घ्यायचा. तुम्ही, अक्का. माझं ऐकून घ्यायचा. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की काहीतरी निराळं आहे.

वडूजला मी तीन-चार वर्षांत आलेच नाही. माझी टाच, त्याचं हृदय, शिवणाचा हंगाम, कारणं काय कमी असतात? आले असते तर स्वयंपाकघरात एक नजर टाकली असती आणि तुमचं पितळ तिथंच उघडं पडलं असतं. त्याआधी नातवाच्या बारशाला आले होते तेवढीच. तुम्हाला माझ्या न येण्याची खात्री होती म्हणून तुम्ही एवढं बिनधास्त खोटं बोललात, की बोलता बोलता मी येऊन बघावं असं तुम्हाला वाटत होतं? बघा, मला यातलंही काही ठरवता येत नाही.

तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. चहा घेता घेता गेलात म्हणे, कुणाला हाक नाही की काही नाही. मयताला माहेरचं पातळ लागतं, ते घ्यायला आम्ही विट्यात थांबलो. दुकान नुकतंच उघडत होतं. कशाला पाहिजे ते सांगितल्यावर दुकानदारानं हळू आवाजात विचारलं, "बाई सवाष्ण हुत्या का?"

"न्हाई," मी म्हटलं.

त्यानं हिरव्या पातळांचा गठ्ठा बाजूला सारला आणि फिक्या रंगाची काढली. मी त्यातलं एक घेतलं. तो बांधता बांधता म्हणाला, खण-नारळाचं न्हाई न्हवं लागत मग. मी मान हलवली. हो अशी हलवली की नाही अशी, ते मलाच कळलं नाही. त्यानं पातळ तेवढं बांधून दिलं. मला बोलता आलं असतं. माझ्याच भाषणातलं एक वाक्य तिथं म्हटलं असतं तर पुरलं असतं. वडूजमध्ये तुम्हाला ते पातळ घातलं तेव्हा बायका गोल करून उभ्या होत्या, तुमचा पदर दोन्ही बाजूंनी सरळ केला होता, आणि मी पायाशी रिकाम्या हातानं उभी होते. ती माझी शेवटची संधी होती हे मला तेव्हा समजलं नाही, कारण तोपर्यंत मला पिशव्यांचं काही माहीत नव्हतं. मला वाटत होतं, एकदा काहीतरी घडलं होतं आणि तुम्ही ते विसरून गेलात.

काल झोळा हातात घेतल्यावर मी रूपालीला खोदून खोदून विचारलं. तव्यावर तरी गरम करायच्या का? ती म्हणाली, "मी म्हणायची, आत्ती, तव्यावर शेकून देऊ का? तर म्हणायच्या, ऱ्हाऊ दे, तशीच बरी." मग करायच्या काय त्यांचं? "काय न्हाई. दुपारच्याला कपाटातनं एक काढायच्या अन् मांडीवर घेऊन बसायच्या. पदराखाली. पोरानं हात लावला तर रागवायच्या."

पदराखाली म्हणाली ती. मी परत विचारलं, पदराखाली की पदरात? ती म्हणाली, मामी, आता ते काय मी बघितलंय का निरखून.

आल्यापासून मी याच्यातच अडकलेय. एकदा वाटतं, तुम्ही मला दर खेपेला संधी देत होता. उंबऱ्याच्या आत उभ्या राहून मागत होता, आज तरी ही पोरगी नीट देईल म्हणून, आणि मी नऊ वेळा नापास झाले. एकदा वाटतं, संधी कसली, तुम्ही मला शिक्षा करत होता. बस मशीनवर, कर परत तेच, दर वेळेला आठवू दे तुला. तुमचा स्वभाव बघता तेही खोटं नाही. आणि एकदा वाटतं, यातलं काहीच नसेल. माहेराहून काहीतरी घेऊन निघायची सवय असते बाईला, रिकाम्या हातानं निघायला नको वाटतं, तेवढंच असेल. मी उगीच त्याचं पुराण करतेय. तुमच्या भावाला विचारलं, तुमच्या बहिणीनं असं का केलं असेल? तो म्हणाला, तुझ्या हातचं आवडायचं तिला. पुरुषांचं किती सोपं असतं.

तुमच्या भावाची कंबर आज धरलीय. मघाशी म्हणाला, त्यातली एक दे की गरम करून, नऊ-नऊ हायत. मी दिली नाही. माझी जुनी दिली. त्या नऊ मी मशीनवर ओळीनं ठेवल्यात. द्याव्यात कुणाला तर ज्याच्यासाठी केल्या ते माणूस नाही, ठेवाव्यात तर धान्य आहे, किडे होणार. उसवून पाखरांना टाकायला हात होत नाही. गटातल्या दोघीतिघी कधीपासून मागतायत. त्यांनी नेल्या तर त्या निदान खरंच शेकतील, कुणाची तरी मान, कुणाचा तरी गुडघा सुटेल. पण तुम्ही नातवालाही हात लावू दिला नाहीत आणि मी वाटून टाकू? तुम्ही असता तर पटकन सांगितलं असतं, मालन, असं कर, आणि मी मुद्दाम उलटं केलं असतं आणि काम झालं असतं. आता सांगणारंच नाही तर उलटं तरी कशाच्या करू?

तुमचे मी कधी आभार मानले नाहीत. तुम्ही मला भाकरी शिकवलीत, बाही शिकवलीत, माझ्या बाळंतपणाला वडूजहून येऊन दीड महिना राहिलात आणि रोज टोमणे मारत माझं अंग शेकलंत. तेव्हा कुठली पेटी? निखाऱ्यावर कापडाची पुरचुंडी धरून, आधी स्वतःच्या गालाला लावून बघून मग माझ्या पाठीला लावायचात. तुमच्या गालावर एक बारका काळा डाग राहिला होता त्याचा. मी तो रोज बघायची आणि त्याच्याविषयी कधी काही बोलले नाही.

बास, आता सांगते. त्या दिवाळीला मी हात मागं घेतला तेव्हा तुम्ही पदर तसाच धरून विचारलंत, "का गं?"

आणि मी म्हटलं, "आवं अक्का, पदरात नगं. आत्ताच तापवलीया, लय गरम हाय. पातळ जळंल तुमचं."

तुम्ही पदर सोडलात. हात पुढं केलात. मी पिशवी तुमच्या तळहातावर ठेवली. दहा मिनिटांपूर्वी मशीनवरून उतरवलेली पिशवी, पेटीत गेलीच नव्हती. मला वाटलं आता तुम्ही बोलणार, आणि मी मेले. तुम्ही एकदा तिच्याकडं बघितलंत, एकदा माझ्याकडं. मग ती या हातातून त्या हातात केलीत, परत या हातात घेतलीत, पोळल्यासारखी, आणि बोटांवर फुंकर घातलीत.

"व्हय गं बाई," म्हणालात. "लय गरम हाय."

आणि चपला घालून गाडीवर बसलात. विट्याचं वळण येईपर्यंत ती तुम्ही हातातच धरली होती, असं तुमचा भाऊ नंतर सांगत होता.

अक्का, गार होती ती.